कुत्रं गडावर नेलंत, परत कुणी आणायचं?

आमच्या गावातल्या कुत्र्यांना दोन-दोन नावं आहेत. सोमवार ते शुक्रवार ती मोत्या, काळ्या, खंड्या, चिंगी असतात. शनिवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या पायथ्याच्या मैदानात लागल्या की तीच कुत्री ब्रूनो, सिंबा, रॉकी होतात. नाव बदलायला फार काही लागत नाही. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा पुरतो.

नावाचं मला काही नाही. कुत्र्यालाही नसावं, त्याला हाक कळते आणि वास कळतो. माझं भांडण पुढं आहे. शनिवारी ब्रूनो झालेला मोत्या गडावर जातो. रविवारी संध्याकाळी गाड्या माघारी निघतात, तेव्हा तो मोत्या होऊन आपल्या दारात आला की नाही, हे कुणी बघत नाही. यावर मला चार शब्द बोलायचे आहेत. ते गोड नाहीत.

आमचं गाव हरिश्चंद्रगडाच्या उत्तर अंगाला, अकोले तालुक्यात आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गोष्ट एका गावाची नाही. गडकिल्ल्यांच्या पायथ्याची कुठलीही चार घरं धरा, तिथं हेच ऐकायला मिळेल. सह्याद्रीत डोंगर चढायला येणाऱ्यांची संख्या वाढली, त्यात आम्हाला आनंदच आहे. चहा विकला जातो, पिठलं-भाकरी विकली जाते, पोरं वाटाडे म्हणून चार पैसे मिळवतात. माझ्याही घरी माणसं उतरतात. तेव्हा हे बोलणं डोंगर चढणाऱ्यांचा राग करणाऱ्याचं नाही. त्यांच्याच ताटाला ताट लावून जेवणाऱ्याचं आहे.

पहिला घोळ होतो तो 'मोकाट' या शब्दात. शहरात रस्त्यावर गळ्यात पट्टा नसलेलं कुत्रं दिसलं की ते बेवारशी, हे गणित डोक्यात पक्कं असतं. तेच गणित घेऊन माणूस गावात येतो. आमच्याकडं कुत्र्याला पट्टा नसतो, साखळी नसते, फोटो काढलेलं आधारकार्ड तर नसतंच. म्हणून ते कुणाचंच नाही असं होत नाही. ते कुठल्या उंबऱ्यापाशी झोपतं, कुणाच्या हातची भाकरी खातं, कुणाच्या शेळ्यांमागं जातं, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. दिवसा ते मोकळं हिंडतं, कारण त्याचं काम रात्रीचं आहे. रात्रपाळीचा माणूस दुपारी पारावर बसलेला दिसला तर त्याला तुम्ही रिकामटेकडा म्हणाल का?

काम कसलं, तर राखणीचं. आमच्या तालुक्यात बिबट्या ही काही नवलाची गोष्ट नाही. विद्या आत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो याचा अभ्यास केला. त्यात असं निघालं, की बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या मांसात वजनानं ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. पाळीव जनावरं सगळी मिळून धरली, तर तो आकडा ८७ टक्क्यांवर जात होता. तो पट्टा आमच्यापासून खाली आहे, इथं ऊस नाही. पण बिबट्या तोच आहे आणि भूकही तीच आहे. कुत्रं आधी भुंकतं, मग घरचं माणूस उठतं, काठी आपटतं, बॅटरी मारतं आणि शेळी वाचते. कधी शेळी वाचते आणि कुत्रं जातं. गरिबाच्या घरची ही पहाऱ्याची व्यवस्था आहे. ती शनिवारी सकाळी एका बिस्किटावर तुमच्या मागं चालू लागते.

आमच्या वाडीच्या टोकाला एक म्हातारी राहते. नात्यानं माझी चुलत मावशी. नवरा नाही, मुलगी दिली ती लांब. चार शेळ्या आणि एक तांबडं कुत्रं, एवढाच संसार. कुत्र्याचं नाव मोत्या. मागल्या एका थंडीत शनिवारी दहा-बारा जणांचा गट गडावर गेला, मोत्या मागोमाग गेला. असा तो आधीही जायचा, मंदिरापर्यंत जाऊन उन्हं कलताना परत यायचा. पण ही मंडळी माघारी येणारी नव्हती. त्यांचा बेत आमच्या अंगानं चढून, वर मुक्काम करून, दुसऱ्या दिवशी तोलारखिंडीनं खिरेश्वरला उतरण्याचा होता. त्यांची गाडी रिकामी वळसा घालून तिकडं जाऊन उभी राहिली होती.

नकाशावर ही गोष्ट किरकोळ दिसते. गड एकच, फक्त उतरायची बाजू दुसरी. पण आमची बाजू अहिल्यानगर जिल्ह्यात आणि खिरेश्वर पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात. रस्त्यानं जायचं तर कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर करत खुबी फाट्याला पोचायचं आणि तिथून आत वळायचं. माणसाला हे जमतं, कारण माणूस फाटा विचारतो. कुत्र्याला परक्या गावात विचारायला कुणी नसतं. उलट त्या गावची कुत्री आपली हद्द राखायला उभीच असतात. कुत्र्यांच्या जगात परगावचं कुत्रं म्हणजे पाहुणा नव्हे, चोर.

रविवारी रात्री मोत्या आला नाही. सोमवारी मावशी माझ्या दारात आली. म्हणाली, "आरं बाबा, कुत्रं न्हाई आलं. कुणी नेलं का बघ की. मला रातीला डोळा न्हाई लागत." मी म्हणालो, येईल, जातंय कुठं. मंगळवारी गेला, बुधवार गेला. गुरुवारच्या पहाटे बिबट्यानं तिची गाभण शेळी दावणीवरून ओढून नेली. कुणी भुंकलंच नाही. सकाळी दाव्याचं तुटकं टोक आणि अंगणात ओढल्याची रेघ, एवढंच उरलं होतं. म्हातारी रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "मोत्या असता तर येवढं व्हतं का?"

त्याचा ठावठिकाणा लागला तो गावातल्या एका पोराच्या मोबाइलवर. त्या गटातल्या कुणीतरी फोटो टाकला होता. कोकणकड्याच्या काठावर मोत्या बसलेला, मागं मावळतीचा सूर्य. खाली लिहिलेलं, की हा आमचा गाइड ब्रूनो, यानं आम्हाला शेवटपर्यंत सोबत केली. शेकडो लोकांनी त्याला बदाम पाठवले होते. शेवटपर्यंत म्हणजे कुठपर्यंत, असं त्या शेकडोंत एकानंही विचारलं नव्हतं. फोटोंच्या ओळीत पुढं तोलारखिंड दिसली, तेव्हा आम्हाला दिशा कळली. मी आणि मावशीचा पुतण्या मोटारसायकल घेऊन गेलो. खुबी फाट्याजवळ एका चहाच्या टपरीमागं तो सापडला. एक कान फाटलेला, मागचा पाय उचललेला, मानेवरच्या जखमेत किडे पडायला लागलेले. टपरीवाला भला माणूस. तो म्हणाला, "गाडीमागं पळत आला बघा इथवर. मंग बसला. येणाऱ्या परत्येक गाडीला उठून बघतो." आम्ही त्याला पोत्यात घातला, तोंड तेवढं बाहेर ठेवलं आणि दोघांच्या मधे धरून आणला. तो वाचला. पाय अजून लंगडतो.

ही गोष्ट सांगितली की समोरून ठरलेली उत्तरं येतात. ती मी इतक्या वेळा ऐकली आहेत, की आता एकेकाला धरूनच बोलतो.

पहिलं उत्तर: "आम्ही कुठं नेलं? ते आपणहून आलं." खरं आहे, दोरी लावून कुणी नेलं नाही. पण गाव सोडताना पहिलं बिस्कीट कुणी दिलं? पहिल्या चढावर ते रेंगाळलं तेव्हा "चल चल, ये ये" म्हणून शीळ कुणी घातली? लहान पोर खाऊच्या मागं परक्या माणसाबरोबर चालत गेलं, तर ते आपणहून गेलं असं आपण म्हणत नाही. कुत्र्याला तुमचा बेत ठाऊक नसतो. तुम्ही कुठल्या बाजूनं उतरणार, गाडी कुठं लागली आहे, पुढं शिडी आहे की कातळ, हे तुम्हालाच ठाऊक असतं. ज्याला वाट ठाऊक, जबाबदारी त्याची. डोंगरातला हा साधा कायदा आहे. माणसाच्या बाबतीत तुम्ही तो पाळताच. गटातला सगळ्यात मागं राहणारा उतरल्याशिवाय पुढारी गाडीत बसत नाही. मग शेवटपर्यंत सोबत केलेला तुमचा तो 'गाइड' या मोजदादीत का नाही?

दुसरं उत्तर: "कुत्र्यांना वाटा आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात." त्याच्या रोजच्या वाटा त्याला ठाऊक असतात, हे कबूल. पण कुत्र्याला चढणं जितकं सोपं तितकं उतरणं नाही, हे डोंगरात वाढलेला कुणीही सांगेल. पुढचे पाय टाकत, नखं रुतवत ते कातळाचा टप्पा चढून जातं. उतरताना सगळं वजन पुढच्या पायांवर येतं, धरायला हात नसतात आणि ते जागीच कुंईकुंई करत बसतं. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, रतनगडाला रतनवाडीकडून चढताना शिड्या आहेत. कुणीतरी हौसेनं कुत्रं कडेवर घेऊन शिडी चढतं, टाळ्या पडतात. परत येताना हात दमलेले असतात, अंधार पडत असतो, शिडीवर गर्दी असते. मग "येईल तो त्याच्या मार्गानं" म्हणून माणसं पुढं होतात. शिडीला दुसरा मार्ग असता, तर शिडी लावली कशाला असती? सांधण दरीचीही तीच गत. दोर लावून खाली उतरत जायचं, तर एक टप्पा उतरल्यावर मागं फिरणं नाही. तिथं मागं लागलेलं कुत्रं पहिल्याच टप्प्याच्या काठावर उभं राहून ओरडत राहतं.

तिसरं उत्तर सगळ्यात गोड: "आम्ही मुक्या जिवाला खाऊ घालतो, यात वाईट काय?" भूतदयेवर मी कसा बोट ठेवणार? पण खाऊ कधी, किती आणि कुठं घालता, यावर ती दया की करमणूक हे ठरतं. पावसाळा आणि थंडीत शनिवार-रविवारी गडावर आणि पायथ्याला उष्ट्याचा पूर येतो. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडं काजवे बघायला झुंबड उडते, तेव्हा तिकडंही तेच. त्या अन्नावर कुत्र्यांची वीण वाढते. मग येतो मंगळवार. वर माणूस नाही, पुडा नाही, भात नाही. पोटं मात्र तेवढीच आणि पिल्लं वाढलेली. ती कोंबड्यांवर जातात, करडांवर जातात, कळप करून सशाच्या, भेकराच्या मागं लागतात. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. आम्ही वाळलेली मोळी आणली तरी कधी कधी जाब द्यावा लागतो. पण बिस्किटावर वाढलेल्या या टोळ्यांचा जाब द्यायला कुणी नाही. करडू गेलं त्या घरची माणसं दगड घेतात, कधी विषही घालतात. ते पाप आमच्या पदरात आणि दयेचं पुण्य तुमच्या पदरात, अशी ही वाटणी आहे.

आता दुसरी तऱ्हा. काही मंडळी आपली पाळलेली कुत्री शहरातून बरोबर आणतात. यांच्याबद्दल मला जरा जास्त आदर आहे. निदान ते आणलेलं जनावर परत नेतात. कुत्र्याला फ्लॅटच्या बाहेर मोकळी हवा मिळावी, ही इच्छाही चांगलीच. पण डोंगर म्हणजे सोसायटीची बाग नव्हे.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून, धापा टाकून ते अंगातली उष्णता बाहेर घालवतं. बर्फाळ मुलखासाठी जन्मलेली दाट केसांची जात, किंवा नाक चेपलेलं, आधीच घरघरणारं कुत्रं मार्च-एप्रिलच्या उन्हात आमच्या उघड्या कातळावर चालवणं म्हणजे त्याला तव्यावर उभं करणं आहे. आपल्या पायात बूट असतो, म्हणून कातळ किती तापलाय ते कळत नाही. तळहात टेकवून बघा. तुम्हाला दहापर्यंत मोजवत नसेल, तर त्याच्या पंजालाही सोसवत नाही. वीस किलोच्या कुत्र्याला घरी नुसतं बसून दिवसाला लिटरभर पाणी लागतं, चढावर त्याहून कितीतरी जास्त. गडावरची टाकी उन्हाळ्यात तळाला जातात. त्यातलं उरलंसुरलं पाणी वरची झोपडीवाली माणसं हंड्यानं भरतात. तेव्हा त्याचं पाणी तुमच्याच पाठीवर पाहिजे. टाक्यात कुत्र्याला पोहायला सोडून वर हसणारे मी बघितले आहेत. तेच पाणी संध्याकाळी त्यांच्या चहात होतं, हे त्यांना मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं आमची मंडळी म्हणते.

आपल्या पिशवीतला सुका मेवाही त्याला वाटू नका. मनुका-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडू शकतात, चॉकलेट तर त्याला विषच. आणि मुक्कामाला तंबूबाहेर खुंटीला कुत्रं बांधून तुम्ही आत झोपणार असाल, तर वर दिलेला ३९ टक्क्यांचा आकडा पुन्हा एकदा वाचा. आमच्याकडं शेळी बांधून बिबट्याला बोलावत असत, तेव्हा निदान हेतू तरी कबूल असायचा.

त्याहून गंभीर गोष्ट रोगाची. कुत्र्याला पिसाळीचं आणि इतर रोगांचं इंजेक्शन दिलेलं नसेल, तर त्याला जंगलात आणणं हा खासगी मामला राहत नाही. कुत्र्यांतला डिस्टेंपर हा रोग जंगली मांसाहारी जनावरांनाही धरतो. १९९४ साली आफ्रिकेत सेरेंगेटीतले सुमारे एक-तृतीयांश सिंह या रोगानं मेले. २०१८ साली आपल्या गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा तपासणीत हाच विषाणू सापडला होता. आमच्या डोंगरात सिंह नाहीत. पण बिबट्या आहे, कोल्हा आहे, उदमांजर आहे. आमची कुत्री आहेत, ज्यांच्या अंगाला सुई लागलेली नसते. तुमचं गुबगुबीत कुत्रं आमच्या मोत्याच्या नाकाला नाक लावतं, तेव्हा देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते. म्हणून इंजेक्शन आणि गळ्यात दोरी, या दोन गोष्टी नसतील तर त्याला घरीच राहू द्या. "आमचा काही करत नाही" हे वाक्य तुमच्या कुत्र्याला कळत असेल, आमच्या वासराला कळत नाही. ते कड्याच्या दिशेनं पळत सुटतं.

कुत्रं बरोबर घेऊन डोंगर चालणं, उघड्यावर मुक्काम करणं, हे शहरानं आत्ता शोधून काढलंय असं कुणी समजू नये. दिवाळी झाली की देशावरचे धनगर मेंढरं घेऊन घाटानं कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या आत माघारी येतात. घोड्यावर संसार, पाठीवर पोर, मेंढरांच्या दोन्ही अंगाला कुत्री. शेकडो मैलांची चाल आणि रोज नवा मुक्काम. त्या कुत्र्यांच्या गळ्यात कधी खिळ्यांचा पट्टा दिसतो. वाघरानं मान धरू नये म्हणून तो असतो, शोभेचा नाही. एकदा एका म्हाताऱ्या धनगराला मी विचारलं, की एवढ्या वाटचालीत कुत्री चुकत कशी नाहीत? त्याला माझा प्रश्नच कळेना. तो म्हणाला, "चुकतील कशी? आधी मेंढरं मोजायची, मंग कुत्री मोजायची, मंग पाल उठतंय. कमी भरलं तर मानूस माघारी जातंय." माझ्या मते कुत्र्याबरोबर डोंगर चालण्याचं सगळं शास्त्र या उत्तरात आलं. महागडी दोरी, घडीचं भांडं, पाठीवरची पिशवी ही सगळी नंतरची गोष्ट. आधी मोजायला शिका.

आणि धर्माचं म्हणाल, तर श्रावणात आमच्या मंदिरात पोथी लागते, त्यात महाप्रस्थानाची कथा येते. पांडव हिमालय चढतात, मागं एक कुत्रं लागतं. एकेक जण वाटेत पडत जातो. शेवटी धर्मराज आणि कुत्रं दोघेच उरतात. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, तू बस, कुत्र्याला जागा नाही. धर्मराज स्वर्ग नाकारतो. जो विश्वासानं मागं आला, त्याला टाकून मी गाडीत बसणार नाही, हा त्याचा हट्ट. हे कुत्रंही आपणहून आलं होतं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, बिस्कीट तर नव्हतंच दिलं. तरी त्याची जबाबदारी आपली, हे धर्मराजाला कळलं. आमच्याकडं रविवारी संध्याकाळी कुणाला स्वर्ग नाकारायचा नसतो. रिकाम्या सीटवर एक पोतं अंथरून जनावर त्याच्या गावात सोडायचं, किंवा आल्या वाटेनं परत उतरायचं, एवढंच करायचं असतं.

रायगडावर वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. त्याला इतिहासात आधार आहे की नाही, यावर वर्षानुवर्षं कडाक्याचं भांडण चाललंय. पुतळा एकदा काढला गेला, परत बसवला गेला. दोन्ही बाजूंचे लोक माझ्यापेक्षा शिकलेले आहेत, मी त्यात पडत नाही. मला एवढंच दिसतं, की पुतळ्यातल्या कुत्र्यासाठी आपण एवढे पेटून उठतो आणि जित्या कुत्र्याला गडावर सोडून खाली उतरतो. स्वामिनिष्ठेचे गोडवे गाणाऱ्यानं स्वामीच्या निष्ठेचंही कधी बोलावं.

आता आमच्या गाववाल्यांना दोन शब्द, नाहीतर म्हणाल की याला शहराचंच तेवढं दिसतं. आपणही कुत्र्याला सुई टोचून घेत नाही. पिल्लं झाली की पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडतो. गडावर टपरी टाकतो आणि उष्टं तिथंच कड्याखाली लोटतो. पाहुण्यांना पिठलं-भाकरीबरोबर "कुत्रं न्या सोबतीला, वाट दाखवंल" असं वर आपणच सांगतो, कारण पाहुणा खूश होतो. हे थांबवायला कुठल्या सरकारी योजनेची गरज नाही. जनावरांच्या डॉक्टरला वर्षातून एकदा गावात बोलवा, सगळी कुत्री एका दिवसात टोचून होतात. जुन्या फाटक्या दोराचा का होईना, पट्टा घाला आणि त्यावर गावाचं नाव आणि एक फोन नंबर लिहा. मावशीच्या मोत्याच्या गळ्यात आता तसा पट्टा आहे. शनिवारी सकाळी गाड्या यायच्या वेळी कुत्रं दोन तास बांधून ठेवायला काय लागतं? ती आता तेही करते. मोत्या ओरडतो, ती त्याला शिव्या देते आणि दोघंही जागेवर राहतात.

डोंगर चढायला येणाऱ्यांना माझं सांगणं थोडकं आहे. गावातून निघताना कुत्र्याला काही देऊ नका. गोंजारू नका, नाव ठेवू नका. तरी मागं लागलं तर शेवटच्या घराशी थांबा आणि विचारा, "हे कुणाचं?" कुणीतरी हाक मारील, धरून ठेवील. तरीही ते आलंच, आणि तुम्ही त्याच बाजूनं उतरणार असाल, तर त्याला आपल्या गटात मोजा. पाणी त्याच्या वाट्याचं घ्या, शिडी लागली तर खालीच परतवा, उतरताना त्याच्यासाठी थांबा. तुम्ही दुसऱ्या बाजूनं उतरणार असाल, तर वाटाड्याला सांगून त्याला मागंच ठेवा. वाटाडा नसेल, तर तुमच्यातल्या एकानं अर्धा तास मोडून ते घरी पोचवायचं. अर्ध्या तासानं कोकणकडा कुठं पळून जात नाही.

आणि बिस्कीट द्यायचंच असेल तर जरूर द्या. पण ते उतरून आल्यावर द्या, त्याच्या दारात, त्याच्या घरच्या माणसासमोर. त्या निमित्तानं तुम्हाला त्याचं खरं नाव कळेल, घर कळेल, कदाचित ताकही मिळेल.